मॅग्नेट क्लिपा घसरू नयेत म्हणून: फ्रिज, कपाट आणि कामाचं टेबल

मुंबईच्या घरात जमीन कमी आणि लोखंड भरपूर. फ्रिजच्या बाजू, स्टीलचं कपाट, सेफ्टी डोअर, खिडकीची ग्रिल, टेबलाचे पाय हे सगळं रिकामं पडलेलं असतं आणि विजेचं बिल, महानगर गॅसचं बिल, सोसायटीचं मेंटेनन्स, औषधांच्या चिठ्ठ्या मात्र डायनिंग टेबलावर ढिगाने. मॅग्नेटवाल्या क्लिपा इथे खरंच उपयोगी पडतात. पण "लावा आणि विसरा" हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. क्लिप लावायला दोन सेकंद लागतात, ती महिनाभर जागेवर राहावी यासाठी थोडी अक्कल लागते.

जागा तपासा

साधं मॅग्नेट घेऊन घरभर फिरा. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीला आणि काचेच्या दाराच्या फ्रिजला ते चिकटणार नाही. दार काचेचं असलं तरी फ्रिजची बाजू बहुधा रंगवलेल्या पत्र्याची असते, ती बघा. स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी फसवते. तिचं स्टेनलेस स्टील बहुधा मॅग्नेट न धरणारं असतं, पण वाकवलेल्या कोपऱ्यावर आणि कडेवर थोडं चिकटल्यासारखं वाटतं, कारण वाकवताना त्या भागाचा गुण बदलतो. त्या कोपऱ्याच्या भरवशावर काही टांगू नका.

क्लिप निवडा

दोन प्रकार मिळतात. एकात कागद मॅग्नेट आणि पत्र्याच्या मध्ये दाबला जातो. दुसऱ्यात स्प्रिंगचा चिमटा कागद धरतो आणि मॅग्नेट पाठीमागून थेट पत्र्याला टेकतो. एकदोन चिठ्ठ्यांपुढे जायचं असेल तर दुसराच घ्या. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिमी, म्हणजे दहा कागद मध्ये आले की 1 मिमीची फट. तेवढ्या फटीने लहान चकतीची पकड निम्म्यावर येऊ शकते.

काळं फेराइट मॅग्नेट स्वस्त असतं, गंजत नाही, पण पकड बेताची. चकचकीत चंदेरी निओडिमियम त्याच्या कितीतरी पट जोर लावतं, पण ठिसूळ असतं आणि गंजतं. दोन-चार बिलांसाठी फेराइट पुरतं. जाड फाइल, चाव्यांचा जुडगा, फोडलेली रव्याची पाकिटं यांना निओडिमियम लागतं. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या स्टेशनरीच्या दुकानांत घेणार असाल तर चिमटा उघडून स्प्रिंग दाबून बघा. स्वस्तातल्या क्लिपेत मॅग्नेट ठीक आणि स्प्रिंग ढिली, असा माल सर्रास असतो.

घसरण: खरी अडचण इथे आहे

पाकिटावर "4 किलो" लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या कामाचा नाही. जाड, गुळगुळीत लोखंडी प्लेटवरून मॅग्नेट सरळ समोर ओढून काढायला लागणारा तो जोर आहे. तुमचं वजन समोर ओढत नाही, खाली ओढतं. उभ्या पत्र्यावर क्लिपेला फक्त घर्षण धरून ठेवतं आणि रंगवलेल्या गुळगुळीत पत्र्यावर ते ओढण्याच्या जोराच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढंच भरतं. म्हणजे 4 किलोचे झाले 800 ग्रॅम.

त्यात फ्रिजचा पत्रा अर्धा मिमीच्या आसपास. एवढा पातळ पत्रा मॅग्नेटचं पूर्ण बल पेलू शकत नाही, तो लवकर भरतो आणि उरलेला जोर वाया जातो. म्हणून हिशेब आणखी निम्मा करा: 400 ग्रॅम. दार उघडझाप होताना बसणारे धक्के धरून त्यातल्या निम्म्यावरच विसंबा. चार किलोची क्लिप, भरवशाचं वजन 200 ग्रॅम. रागावून काही होत नाही, गणित असंच आहे.

यावर लोकांचा पहिला उपाय म्हणजे आणखी जाड, आणखी महाग मॅग्नेट. पातळ पत्र्यावर हा पैसा पाण्यात. एका जाड चकतीपेक्षा दोन पातळ चकत्या एकमेकींपासून लांब असलेली क्लिप जास्त धरते, कारण तेच बल पत्र्याच्या मोठ्या भागावर पसरतं. अशा क्लिपेतल्या चकत्या एकीखाली एक असाव्यात, शेजारीशेजारी नाही. जाड गठ्ठा पत्र्यापासून जितका पुढे येतो, तितका क्लिपेचा वरचा भाग सुटायला बघतो. वरची चकती हा झोक अडवते. आडव्या क्लिपेत तो अडवायला वर काहीच नसतं, म्हणून ती आधी वरून किंचित उचकते आणि मग घसरते.

दुसरा उपाय घर्षण वाढवण्याचा, आणि तोच खरा. मॅग्नेट आणि पत्र्यामध्ये रबराचा अगदी पातळ थर हवा. सिलिकॉनची अर्ध्या मिमीपेक्षा पातळ शीट मिळाली तर उत्तम. मॅग्नेटच्या मापाची चकती कापून सिलिकॉनच्याच गोंदाने चिकटवा, कारण साधा गोंद सिलिकॉनला धरत नाही. थर जाड झाला की मघाची फट परत आली, म्हणून सायकलची ट्यूब कापून लावू नका. शिवाय तिचे काळे डाग पांढऱ्या फ्रिजवर उमटतात. फुग्याचं रबर जाडीला अगदी बरोबर असतं, पण आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांत चिकट होऊन रंगाला बसतं. तात्पुरतं चालेल. इन्सुलेशन टेप मात्र अजिबात नको. ती गुळगुळीत असते आणि गरमीत तिचा गोंद बाहेर येतो.

एवढं करूनही क्लिप सरकत असेल तर पत्र्यावर तेल आहे. गॅसजवळच्या फ्रिजच्या बाजूला फोडणीचा चिकट थर बसतोच, दिसला नाही तरी. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. बऱ्याच फ्रिजची बाजू आतल्या नळ्यांमुळे गरम राहते. त्या उष्णतेने मॅग्नेटचं काही बिघडत नाही, साधं निओडिमियम 80 अंशांपर्यंत टिकतं. पण शेगडीच्या अगदी मागे, ज्वाळेच्या धगीत ते लावू नका. तिथे गेलेली ताकद थंड झाल्यावरही परत येत नाही.

आता चाचणी. क्लिपेच्या वरच्या कडेला पेन्सिलची बारीक रेघ मारा, ठेवायचं त्याच्या दुप्पट वजन अडकवा आणि रात्रभर तसंच सोडा. घरातल्यांना फ्रिज नेहमीसारखा वापरू द्या, दार आपटलं तरी चालेल. सकाळी कड रेघेवरच असेल तर क्लिप पास. दोन मिमी जरी खाली आली असेल तरी वजन कमी करा, कारण घसरण एकदा सुरू झाली की थांबत नाही.

भिंतीला पत्रा

कामाच्या टेबलामागे लोखंड नसेल तर ग्रिलवाल्याकडून 300 × 450 मिमीचा, 1 मिमी जाडीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा कापून घ्या. वजन किलोच्या आसपास भरतं. कडा कानशीने मारून घ्या, नाहीतर बोट कापेल. चार कोपऱ्यांना भोकं, भिंतीत स्क्रू धरणाऱ्या 6 मिमीच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या, स्क्रू. झालं. डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेपने पत्रा चिकटवायचा सल्ला देणाऱ्याने मुंबईचा जुलै पाहिलेला नसावा. टेप सुटत नाही, टेपसकट डिस्टेंपर सुटतो. गुळगुळीत टाइल असेल तर स्पिरिटने पुसून टेप चालते, मात्र चिकटवल्यावर एक दिवस त्यावर काही लावू नका. मॅग्नेटिक पेंटच्या नादी लागू नका, चार हात मारूनही तो एखादी चिठ्ठीच धरतो.

मांडणी कशी, हे ज्याचं त्याने ठरवावं. बिलं मात्र शेवटच्या तारखेप्रमाणे डावीकडून उजवीकडे लावा आणि भरलेलं बिल त्याच दिवशी काढा. चार्जरच्या वायरी टेबलाच्या लोखंडी पायाला क्लिपेत अडकवा, लॅपटॉपच्या कडेला नको. झाकण बंद झाल्याचं लॅपटॉपला आतल्या मॅग्नेटवरून कळतं, त्यामुळे क्लिप जवळ आली की स्क्रीन मध्येच झोपी जाते आणि माणूस दुरुस्तीवाल्याकडे धावतो.

पावसाळा

निओडिमियमवरचा निकेलचा मुलामा कडेला टवका उडाला की संपला. जूनच्या दमट हवेत आतून करडी पूड सुटायला लागते आणि फ्रिजवर तपकिरी कडं उमटतं. समुद्राजवळच्या घरात हे आणखी लवकर होतं. प्लॅस्टिकमध्ये बंद असलेले मॅग्नेट घ्या, किंवा उघड्या चकतीच्या कडेला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक क्लिप काढून खालचा पत्रा पुसा. काढताना सरकवू नका, रंगावर चरे पडतात. एक कड उचकून तिरकी काढा. दोन निओडिमियम क्लिपा एकमेकींवर आपटू देऊ नका, टवके तिथूनच उडतात आणि मध्ये कातडी सापडली तर रक्त येतं.

घरात पेसमेकर बसवलेलं कोणी असेल तर या क्लिपा त्यांच्या छातीपासून किमान 15 सेंमी लांब राहिल्या पाहिजेत. लहान मूल असेल तर सुटे निओडिमियम घरात आणूच नका. दोन मॅग्नेट गिळले गेले की ते आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. चकती निखळलेली क्लिप तुटलेली समजून टाकून द्या, आणि गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.