वॉटर पार्क, वळीव आणि तिकिटाची खिडकी

“आम्ही भिजायलाच आलोय की ओ मॅडम! वरनं भिजलो काय नि खालनं भिजलो काय?”

साताऱ्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीत मी सहा उन्हाळे काढले आणि आभाळ भरून पार्क बंद झाला की हे वाक्य दर हंगामात ऐकलं. कधी कऱ्हाडची पोरं, कधी फलटणहून ट्रॅव्हलर भरून आलेलं अख्खं खानदान. त्यांचं चुकतही नाही. नुसत्या पावसानं पार्क बंद होत नाही. स्लाईडवर पंप जेवढं पाणी ओततो त्यापुढं पाऊस म्हणजे शिंतोडे. पार्क बंद होतो तो वीज कडाडली म्हणून, वारं सुटलं म्हणून, लाईट गेली म्हणून, नाहीतर पाणी गढूळलं म्हणून.

तेव्हा आधी महिना बघा. लोकांना वाटतं मे महिना बिनघोर आणि जुलै धोक्याचा. विजेच्या बाबतीत अगदी उलटं आहे. आषाढातला पाऊस यवतेश्वराच्या डोंगराकडून येतो आणि दिवसभर पडत राहतो, पण गडगडाट क्वचित. वळवाचं तसं नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी ऊन भाजून काढतं, बाराच्या पुढं ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढायला लागतात आणि साडेतीनला अजिंक्यतारा किल्ला दिसेनासा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊसही असाच कडकडत येतो. म्हणून मे महिन्यात यायचं तर गेट उघडायच्या आधी रांगेत उभे राहा आणि उंच स्लाईड दुपारी दोनच्या आत उरकून घ्या. जेवण त्यानंतर. बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात: साडेबाराला डबे सोडतात, जरा आडवे होतात आणि तीन वाजता सगळ्यात उंच टॉवरच्या जिन्यात रांग लावतात. मग आभाळ फाटलं की भांडायला माझ्या खिडकीशी.

आता बंद कोण करतं ते सांगते. आमच्या सुपरवायझरांना सगळे तात्या म्हणायचे. वीज चमकली की तात्या मोठ्यानं मोजायला लागायचे, “एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल...” नुसते आकडे माणूस घाईघाईनं मोजतो, विठ्ठल जोडला की बरोबर एक सेकंद होतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस विठ्ठलांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडली. तेवढ्यावर शिट्टी: तीन लांब. पूल रिकामा, जिने रिकामे. पावसाचा थेंब नसला तरी रिकामे, कारण वीज पावसाच्या पुढंही कित्येक किलोमीटरवर पडू शकते. पाण्यात माणसाचं डोकंच काय ते वर असतं, आणि स्लाईडचा लोखंडी टॉवर आसपासच्या माळावर सगळ्यात उंच.

एका मे महिन्यातली दुपार माझ्या डोळ्यांसमोर आहे. तीन चाळीसला शिट्टी झाली. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, हा जगभर पाळला जाणारा नियम. चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा एकदा दूर गुरगुरलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. चार वीसला पुन्हा. तोवर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलेलं, आणि एक गृहस्थ ओला टॉवेल खांद्यावर टाकून मला विचारतायत, “ताई, ऊन दिसतंय का तुम्हाला?” दिसत होतं. जरंडेश्वराच्या डोंगरामागं चमकणारी वीजही दिसत होती. पूल उघडला चार पन्नासला. आमच्याकडे नियम असा, की बंद करायची शिट्टी कुठल्याही लाईफगार्डनं मारावी, अगदी परवा लागलेल्या पोरानंसुद्धा. उघडायची मात्र फक्त मॅनेजरनं. तुम्ही ज्या पार्कला जाल तिथं कुणी मॅनेजर “गिऱ्हाईक खवळलंय, सोडा” म्हणत पाच मिनिटांत पूल उघडत असेल, तर पोरांना बाहेर काढा आणि घरी न्या. पैसे गेले तर गेले.

शिट्टी झाल्यावर उभं कुठं राहायचं, इथं लोक हमखास चुकतात. झाडाखाली नाही. स्लाईडच्या टॉवरखाली नाही. चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही. रेन डान्सच्या लोखंडी पाइपांखाली तर मुळीच नाही, कितीही गाणी चालू असोत. आणि “चला, तेवढ्यात आंघोळ उरकू” म्हणून शॉवरमध्येही नाही, कारण नळाच्या पाइपातून करंट येऊ शकतो. स्लॅबचं पक्कं हॉटेल असेल तर आत बसा, नाहीतर काचा वर करून आपल्या गाडीत. वळवात गारठा एकदम उतरतो. लहान पोराचे ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले, तर आधी ओला कॉश्च्यूम काढून कोरडे कपडे घाला, कांदाभजी मागाहून.

लाईटचं थोडक्यात. वळीव आणि लाईट जाणं ही जोडी तुम्हाला मी नव्यानं काय सांगू. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की स्लाईड कोरडी, आणि मध्येच अडकलेला माणूस घसरत नाही, खरचटत येतो. आमच्या जनरेटरवर दोनच पंप चालायचे. वाऱ्याचं त्याहून सोपं: वरच्या मजल्यावर रचलेल्या रिकाम्या ट्यूब उडायला लागल्या की टॉवर बंद.

गढूळ पाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. पूलच्या खोल भागात तळाला पाणी ओढणारी जाळी असते. काठावर उभं राहून तिच्या फटी स्वच्छ दिसल्या पाहिजेत, कारण जाळी दिसत नसेल तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. एका जोराच्या सरीनंतर आमच्या मागच्या टेकाडावरचा लाल गाळ गटार ओलांडून वेव्ह पूलमध्ये उतरला आणि दहा मिनिटांत पाण्याचा चहा झाला. त्या दिवशी पूल उघडलाच नाही. पाऊस पाण्यातलं क्लोरीनही पातळ करतो, म्हणून सर ओसरल्यावर ग्रामपंचायतीचा पाणीवाला वापरतो तसल्या क्लोरोस्कोपच्या नळीत रंग बघून मगच माणसं सोडायची. लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन हवं. तुम्हाला नळी मागायची गरज नाही. काठावर जा आणि जाळी शोधा. सापडली नाही तर उतरू नका, भले शंभर माणसं पाण्यात असोत.

निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा, पण नीट वाचा. ऑरेंज अलर्ट “सातारा घाटमाथा” असा वेगळा दिलेला असतो. महाबळेश्वर बुडत असताना दहिवडीत धूळ उडते, हा आपला जिल्हा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. रेड अलर्टच्या दिवशी जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, आणि सुट्टी मिळाली म्हणून लोक पोरांना घेऊन आमच्याकडे! सुट्टी कशासाठी दिली हे जरा तरी मनात आणावं. सांगलीकरांनी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळीही बघून निघावं: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पार्क चालू असेल, पण परतीचा रस्ता राहील का, ते बघा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये ठेवा. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरमध्ये विजा कुठं पडतायत ते त्यात दिसतं. मी खिडकीत तेच उघडून लोकांना दाखवायचे. निम्मं भांडण तिथंच मिटायचं.

सकाळी निघण्याआधी पार्कला फोन करा. “चालू आहे का” असं विचारू नका. हो म्हणूनच सांगतात. विचारा, आज किती स्लाईड चालू आहेत? पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी म्हणून अर्ध्या बंद ठेवतात आणि पाटीवर “देखभालीसाठी बंद” लिहितात. ती पाटी मीच लिहायचे. मग विचारा, जनरेटरवर काय काय चालतं? आणि विजेमुळं बंद झालं तर पुन्हा यायचा पास मिळतो का, आणि किती वेळ बंद राहिल्यावर? पैसे परत बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. पास मात्र मॅनेजरच्या हातात असतो. आमच्याकडे आत शिरल्यापासून दोन तासांच्या आत पार्क बंद झाला तर पास द्यायचो. पण त्याची पाटी कुठंच नव्हती, आणि मागितल्याशिवाय द्यायचा नाही असं मला वरून सांगितलेलं.

म्हणून तिकिटावरची वेळ जपा. ते लॉकरमध्ये ओल्या कपड्यांखाली ठेवलं तर लगदा होतो, आणि लगद्यावर मला वेळ वाचता यायची नाही. आत जातानाच त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.