वावटळ का टोर्नेडो? आधी वर बघा

मे महिन्यात दुपारी मोहोळकडं जाताना नांगरून टाकलेल्या काळ्या रानात मातीचा खांब गरगर फिरताना दिसतो बघा, आतनं पाचट आणि एखादी प्लास्टिकची पिशवी वर चाललेली असते, तर त्याचा व्हिडिओ काढून पोरं लगेच 'सोलापुरात टोर्नेडो' म्हणून स्टेटसला टाकतात. टोर्नेडो नाही ओ ते, वावटळ आहे.

ओळखायचं सोपंय. ऊन रणरणतंय, आभाळ मोकळं आहे आणि भोवरा जमिनीवरनं उठलाय, म्हणजे वावटळ. तापलेल्या रानावरची हवा हलकी होऊन वर सुटते, फिरते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत विरते. डोळे झाकायचे, बाजूला व्हायचं, एवढंच.

टोर्नेडोला मात्र वर गडगडाटी ढग लागतो. खाली गरम दमट हवा, वर थंड कोरडी, आणि उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग नि दिशा बदलत गेली की मधली हवा लाटण्यासारखी आडवी लोळायला लागते, मग ढगात वर घुसणारा झोत त्या लाटण्याला उभं करतो आणि ढगच फिरायला लागतो. अशा प्रत्येक ढगातनं टोर्नेडो उतरतोच असं पण नाही. अमेरिकेत वर्षाला साधारण १२०० होतात. आपल्याकडं जास्त करून बंगाल, बांगलादेशात. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ ला एकाच टोर्नेडोत अंदाजे १३०० माणसं गेली. १७ मार्च १९७८ ला तर दिल्लीत पण झालाय.

टोर्नेडोत कधी सापडलात तर खालच्या मजल्यावर मधली, बिनखिडकीची खोली गाठा, डोकं झाका. खिडक्या उघडल्या की घर वाचतं हे खोटंय, आणि पुलाखाली तर अजिबात थांबू नका, वारा तिथं अजून जोरात घुसतो.

सोलापुरात खरं भ्या वळवाचं. चार वाजता आभाळ काळं झालं आणि उकाड्यात एकदम गार वारा लागला, की तो ढगातनं खाली कोसळलेला वारा असतो, वादळ आलंच समजा. होर्डिंग आणि झाडापासनं लांब, पत्र्याच्या शेडमधनं निघून स्लॅबच्या घरात. आणि पत्रा उडू नये म्हणून वर दगडं ठेवतो ना आपण, पत्रा हलला की तीच दगडं खाली झोपलेल्याच्या अंगावर येतात, त्यामुळं मार्चमध्येच दगडं उतरवा आणि हूक-नट आवळून घ्या, गंजलेले असतील तर बदला.