अमेरिकेचे साप्ताहिक बेरोजगारी दावे वाचताना या चुका टाळा

दर गुरुवारी अमेरिकेत सकाळी साडेआठला तिथलं कामगार खातं बेरोजगारी विम्यासाठी आलेल्या नव्या अर्जांचा, म्हणजेच दाव्यांचा, आकडा जाहीर करतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात सात. लगेच एमसीएक्स या आपल्या वायदेबाजारात सोनं हलतं आणि 'अमेरिकेत मंदी आली' असे मेसेज फिरायला लागतात. इतका ताजा आकडा सरकारी आकडेवारीत क्वचितच मिळतो, म्हणून तो नीट वाचायला हवा.

एका आठवड्यावरून निकाल लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 6 सप्टेंबर 2025 ला संपलेल्या आठवड्यात नवे दावे एकदम 2,63,000 वर गेले, जवळपास चार वर्षांतला उच्चांक. राज्यवार तक्ता उघडून पाहिला तर एकट्या टेक्सासमध्ये सुमारे 15 हजार अर्ज वाढलेले. दुसऱ्याच्या ओळखीवर खोटे अर्ज भरण्याचे प्रयत्न वाढल्याचं त्या राज्याच्या यंत्रणेने नंतर सांगितलं. पुढच्या गुरुवारी आकडा 2,31,000! उलटंही घडतं. सप्टेंबर 2013 मध्ये दावे अचानक 2,92,000 वर उतरले, ते दोन राज्यांत कॉम्प्युटर यंत्रणा बदलत असल्यामुळे.

म्हणून आकडा उसळला की आधी राज्यवार तक्ता बघा, मग चार आठवड्यांची सरासरी. वाढ एकाच राज्यात अडकलेली असेल तर आठवडाभर थांबा. बरीच राज्यं एकदम वर जात असतील आणि सरासरीही चढत असेल, तर मात्र काळजीचं कारण आहे.

हंगामी समायोजन विसरणं

बातम्यांत येतो तो समायोजित आकडा, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळात होणारा चढउतार वजा करून काढलेला; तसा न काढलेला तो कच्चा. नाताळचा हंगाम आटोपला की जानेवारीत कच्चे अर्ज दरवर्षी फुगतात. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात ते तीन लाखांच्या वर होते, समायोजित आकडा मात्र 2,17,000. एका आठवड्याचा कच्चा आणि दुसऱ्याचा समायोजित आकडा शेजारी ठेवून तुलना केली, तर जे दिसेल ते निव्वळ चुकीचं. थँक्सगिव्हिंग, ईस्टर अशा सुट्ट्यांच्या आठवड्यांत समायोजनही डगमगतं, तेव्हा त्या आकड्यांवर सौदे करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय मागच्या आठवड्याचा आकडा सुधारून येतो. 'वाढ की घट' हे त्या सुधारित आकड्यावरूनच ठरवा.

दावे म्हणजेच बेरोजगारी दर समजणं

दर ठरतो तो दरमहा सुमारे 60 हजार कुटुंबांच्या पाहणीतून. या विम्यातून बेरोजगारी भत्ता घेणाऱ्यांची संख्या, म्हणजे कंटिन्यूड क्लेम्स, वेगळी असते आणि नव्या दाव्यांपेक्षा एक आठवडा मागची असते. ती घटली म्हणजे लोकांना कामं मिळाली असंच नाही. बहुतेक राज्यांत भत्ता 26 आठवडे मिळतो, फ्लोरिडात 12 आठवड्यांवरही संपतो. मुदत संपलेला माणूस यादीतून जातो, बेकारीतून नाही.

'आयटीत एवढी कपात झाली, मग दावे का वाढले नाहीत?'

मोठ्या कंपन्यांना बहुतेक वेळा 60 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. काही राज्यांत कंपनीने दिलेली भरपाई संपेपर्यंत भत्ता सुरू होत नाही, त्यामुळे अर्जही उशिरा येतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मुलांना तर, कामाची परवानगी एकाच कंपनीशी बांधलेली असल्याने, हा भत्ता बहुधा मिळतच नाही. नोकरी गेल्यावर नवी कंपनी शोधायला त्यांच्याकडे जास्तीत जास्त 60 दिवस असतात. त्यांची अडचण गुरुवारच्या आकड्यात शोधू नका, त्यांना फोन करून विचारा.