डीईएक्सवर छोटं टोकन घेताना: आधी थोडं विकून बघा

केळीची कटाई रावेर-सावद्याकडे व्यापाऱ्याशी बोलणं झाल्याशिवाय कोणी करत नाही. गमतीजमतीच्या नावांची छोटी क्रिप्टो टोकनं घेतानाही पहिला प्रश्न तोच ठेवा: उद्या हा माल उचलणार कोण?

डीईएक्सवर, म्हणजे मधे कोणती कंपनी नसलेल्या क्रिप्टो बाजारात, समोर गिऱ्हाईक नसतं, लिक्विडिटी पूल म्हणजे खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला साठा असतो. त्याच्या एका बाजूला टोकन, दुसऱ्या बाजूला बीएनबी हे क्रिप्टो किंवा डॉलरशी बांधलेलं यूएसडीटी. समजा पुलात 2 लाख रुपयांचे यूएसडीटी आणि 20 लाख टोकन आहेत, म्हणजे भाव 10 पैसे. तुम्ही 20 हजारांची खरेदी केली तर 2 लाख टोकन मिळत नाहीत, साधारण 1,81,800 मिळतात. सरासरी भाव 11 पैसे पडतो आणि स्क्रीनवरचा भाव 12 पैशांवर जातो. तो वाढलेला भाव म्हणजे नफा नव्हे, तुमच्याच पैशाने तो चढला आहे. विकायला गेलात की तसाच उतरतो. म्हणून पुलातल्या यूएसडीटीच्या एक टक्क्याहून मोठा सौदा एका वेळी करू नका.

सुरुवात केवायसी झालेल्या भारतीय एक्सचेंजवरून करा, पण पैसे भरायच्या आधी तिथून क्रिप्टो बाहेर पाठवता येतं का ते बघा. सगळीकडे येत नाही. मेटामास्कसारखं वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं ॲप, उघडलं की 12 शब्द मिळतात; तीच त्याची चावी. ते कागदावर लिहा. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. ते शब्द मागणारा कोणीही असो, चोर समजा.

एक्सचेंजवरून वॉलेटमध्ये पाठवताना नेटवर्क जुळवा. पॅनकेकस्वॅप या डीईएक्सवर बीएनबी स्मार्ट चेन या नेटवर्कचं टोकन घ्यायचं असेल तर यादीतून बीईपी-20 निवडा आणि आधी छोटी रक्कम पाठवून ती पोहोचते का बघा. गॅससाठी, म्हणजे नेटवर्कच्या व्यवहार शुल्कासाठी, थोडे बीएनबी कायम शिल्लक ठेवा. हे विसरल्यामुळे कित्येकांकडे टोकन असतं, पण विकायला गॅस नसतो. फेल झालेल्या व्यवहारालाही गॅस लागतोच.

टोकन नावाने शोधू नका. एकाच नावाची दहा नकली टोकनं कोणीही बनवू शकतो. प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा, ॲड्रेस कॉपी करा, बीएससीस्कॅन या व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टाका आणि होल्डर्सची, म्हणजे टोकन कोणाकडे किती आहेत त्याची, यादी उघडा. पुलाचा आणि जाळलेल्या (कायमच्या बाद केलेल्या) टोकनांचा पत्ता सोडून एकाच वॉलेटकडे मोठा हिस्सा दिसला तर थांबा. लिक्विडिटी, म्हणजे पुलातला साठा, ठरावीक मुदतीसाठी लॉक नसेल तर मालक ती कधीही काढून नेईल. व्यवहारांत नुसत्या खरेद्याच दिसतात, वेगवेगळ्या वॉलेटांची विक्री दिसत नाही? मग तो सापळा आहे: घेता येतं, विकता येत नाही.

आता स्वॅप, म्हणजे अदलाबदल. स्लिपेज, म्हणजे भाव किती बिघडला तरी चालेल ती सूट, 0.5 ते 1 टक्का ठेवा. कॉन्ट्रॅक्टच प्रत्येक सौद्यातून 5 टक्के कापत असेल तर 6 लागेल. कोणी 25 ठेवायला सांगत असेल तर तो सौदा सोडा, कारण एवढी सूट दिसली की बॉट (आपोआप सौदे करणारे प्रोग्राम) तुमच्या पुढे खरेदी करून तुम्हाला महाग माल देतात. पहिल्यांदा दोन-तीनशे रुपयांचंच घ्या आणि लगेच अर्धं विका. विकताना 'अप्रूव्ह'ची, म्हणजे डीईएक्सला तुमची टोकनं उचलायची परवानगी देण्याची, खिडकी येते. तिथे अमर्याद आकडा असेल तर खोडून विकायचा तेवढाच टाका. विक्री झाली म्हणजे आजपुरती झाली. कॉन्ट्रॅक्ट बदलायचा अधिकार मालकाकडे असेल तर तो उद्या दार लावू शकतो. वॉलेटमध्ये आपोआप आलेल्या अनोळखी टोकनांना हात लावू नका.

कराचं मात्र नीट समजून घ्या. नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस, हे 2022 पासून लागू आहे. एका टोकनात 10 हजार कमावले, दुसऱ्यात 10 हजार गेले, तरी 3,120 रुपये भरावेच लागतात; तोटा वजा होत नाही. गॅसही वजा होत नाही, फक्त खरेदीची किंमत होते. टोकन देऊन टोकन घेतलं तरी ती विक्रीच धरली जाते, आणि 1 टक्का टीडीएसचा नियमही आहे. प्रत्येक स्वॅपची तारीख, रुपयांतला भाव आणि व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) त्याच दिवशी वहीत उतरवा. मार्चअखेरीला सीएकडे हीच वही न्यायची आहे.