फिल्म कॅमेऱ्याचं फिनिश ताडून कसं बघायचं: जुना ब्लॅक पेंट, क्रोम आणि आत्ताचे मॉडेल

दोन कॅमेरे शेजारी ठेवले की आपलं लक्ष आधी चकाकीवर जातं, पण फिनिश, म्हणजे कॅमेऱ्याचा बाहेरचा थर, ताडून बघायचं तर पहिला प्रश्न हा की वरच्या थराच्या खाली काय आहे, पितळ, जस्त, टायटॅनियम का प्लास्टिक, कारण कॅमेरा कसा झिजणार ते बरंचसं त्यावर ठरतं.

खिडकीपाशी जा, कॅमेरा तिरका धरा आणि उजेड टॉप प्लेटवरून, म्हणजे वरच्या झाकणावरून, घसरत जाईल असा हळूहळू फिरवा. समोरून मारलेल्या फ्लॅशच्या फोटोत सगळंच छान दिसतं, त्यामुळे ऑनलाइन घेताना तिरक्या उजेडातले फोटो बिनधास्त मागा.

जुना ब्लॅक पेंट म्हणजे पितळेवर दिलेला काळा रंग, लायका एम३ किंवा निकॉन एफ सारखा. तो कडांना उडतो आणि खालून पिवळं पितळ डोकावतं, यालाच ब्रासिंग म्हणतात, आणि मला हे फिनिश सगळ्यात जास्त आवडतं. पण झीज कुठे आहे ते नीट बघा. पट्ट्याच्या कड्यांभोवती, बेस प्लेटच्या (तळाच्या झाकणाच्या) कडांवर, फिल्म पुढे सरकवायच्या वाइंडिंग लिव्हरच्या टोकाला, म्हणजे जिथे बोटं आणि पट्टा खरंच घासतो तिथे पितळ दिसायला हवं. हात कधी लागतच नाही अशा खाचेत पितळ चमकतंय आणि पट्ट्याच्या कड्यापाशी मात्र रंग कोरा करकरीत, असं असेल तर कुणीतरी मुद्दाम घासलंय.

रिपेंट, म्हणजे नंतर कुणीतरी परत दिलेला रंग, ओळखायला भिंग घ्या. कोरलेल्या नंबराच्या कडा धारदार पाहिजेत, रंग भरून बोथट झालेल्या नकोत. स्क्रूच्या खाचेत रंग साचलाय का, बेस प्लेट काढून आतल्या बाजूला रंगाचे फवारे दिसतायत का तेही बघा. रिपेंट वाईटच असतं असं नाही, वापरायला घेणार असाल तर चांगलं रिपेंट खुशाल घ्या, फक्त ओरिजनलचा भाव देऊ नका.

सॅटिन क्रोम, म्हणजे मंद चमकेचा रुपेरी मुलामा, सगळ्यात चिवट, त्याच्यावर फार बोलायला नको. ब्लॅक क्रोम मात्र वेगळं, तो रंग नाही, प्लेटिंग (धातूचा मुलामा) आहे, त्यामुळे पेंटसारखे पोपडे निघत नाहीत, कडा हळूहळू गुळगुळीत आणि चमकदार होत जातात. १९८४ च्या लायका एम६ ची टॉप प्लेट जस्ताची होती, तिथे थराखाली बारीक फोड येतात, झिंक बबल, ते बोटाला लागतात आणि पॉलिश करून जात नाहीत. २०२२ च्या नव्या एम६ ला परत पितळेची टॉप प्लेट आली, पण वरचं काळं कोटिंग घासलं तरी टिकणारं आहे, म्हणून लवकर ब्रासिंग हवं असेल तर तो कॅमेरा तुमच्यासाठी नाही.

कॅनन एई-१ (१९७६) बघताना लोक हमखास फसतात. दिसायला धातू पण टॉप कव्हर प्लास्टिकचं, त्यामुळे थराखाली पितळेची प्लेट नाही.  कॉन्टॅक्स टी२ सारखी टायटॅनियमची बॉडी चांगली कडक, पण पडून बसलेला पोचा मात्र काढणं अवघड, म्हणून कोपरे नीट तपासा.

बॉडीवरचं कव्हरिंग विसरू नका. जुन्या लायकाचं व्हल्कनाइट, म्हणजे कडक रबराचं आवरण, ठिसूळ होऊन तुकड्यांनी गळतं, झाइस आयकॉनच्या लेदरखाली पितळेचे रिव्हेट गंजून गाठी येतात, आणि निकॉन एफ८० सारख्या नंतरच्या कॅमेऱ्यांची रबरी पाठ चिकट होते. तिन्ही गोष्टी नुसतं बोट फिरवलं तरी कळतात.

साफ करताना पेंटवर स्पिरिट नको, किंचित ओलसर मऊ कापड पुरतं, आणि कोरलेल्या अक्षरांवर तर अजिबात जोर लावू नका, आतला पांढरा रंग निघाला की परत हुबेहूब तसा भरणं अवघड.