खापरपणजोबा सापडले, ते 'बिन'मुळे

आमचं घराणं जुन्नरकडचं, शेतकरी. रजा टाकून मुंबईत काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, मी महिनोन्महिने आडनाव शोधत होतो. १८८१ च्या जनगणनेच्या अहवालात नुसते आकडे, माणसांची नावं नाहीतच. मोडी वाचणाऱ्या एका काकांनी टोकलं, "अरे, आडनाव कशाला? 'बिन' बघ!" जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकाचा मुलगा. बापाचं नाव धरून पुन्हा बसलो.

सालही चुकत होतं. कागदांत साल शकाचं; इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदीला ७९. शके १७९७ म्हणजे १८७५, शेतकरी सावकारांवर उठले त्या दख्खनच्या दंग्यांचं साल! मग त्या वर्षाची वर्तमानपत्रं चाळली. सावकारांची कर्जखतं जाळणाऱ्यांत आमचे कोणी नव्हते (आईला हायसं वाटलं, मला जरा वाईटच). खापरपणजोबा मात्र जमिनीच्या कागदात भेटले. आडनावाशिवाय.