इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवताय? या चुका टाळा

'माय ग्रँडफादर इज नोटोरियस फॉर हिज काइंडनेस.' हायस्कूलमधल्या एका मुलाच्या निबंधातलं हे वाक्य. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, अर्थ मात्र नेमका उलटा. त्याची वही पाहिली तर तिथे लिहिलं होतं, 'नोटोरियस = फेमस'. समानार्थी शब्दांच्या यादीतून उचललेला शब्द. मराठीत यासाठी 'कुप्रसिद्ध' हा चपखल शब्द आहे. वहीत तो असता तर ही चूक झालीच नसती.

म्हणून पहिली सूचना: समानार्थी शब्दावर थांबू नका, शब्दाची छटा लिहा. थ्रिफ्टी आणि स्टिंजी दोघेही पैसे जपतात, पण थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी आणि स्टिंजी म्हणजे कंजूष. हा फरक आपल्या भाषेत आपल्याला आधीच कळतो, तो इंग्रजी शब्दाला जोडून द्यायचा एवढंच काम उरतं. 'इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच लिहा' हा नियम त्यामुळे मला सरसकट पटत नाही.

शब्दाची सोबत सोडून देणं ही याहून मोठी चूक. मराठीत पाऊस मुसळधार, ऊन रणरणतं आणि थंडी कडाक्याची. 'मुसळधार थंडी' कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे कुठल्या नियमात सापडत नाही. इंग्रजीतही तसंच. पाऊस 'हेवी', चहा 'स्ट्राँग', गुन्हा 'कमिट' करायचा आणि लक्ष 'पे' करायचं. 'हेवी टी' किंवा 'डू अ क्राइम' यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही जोडी चुकते. वहीत 'कमिट' एकटा लिहू नका, 'कमिट अ क्राइम' असा अख्खा तुकडा लिहा. शब्द वाचताना कळतो पण लिहिताना बिचकायला होतं, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'पाठ करतो, पण आठवत नाही.' इथे उजळणीची पद्धत तपासा. यादी पुन्हा पुन्हा वाचली की शब्द ओळखीचे वाटू लागतात आणि ते आले असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र स्वतःच्या मनाने आठवून पाहिलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलं. तेव्हा अर्थ समोर ठेवा, शब्द झाका आणि तो आठवून लिहा. त्यासाठी जर्मन विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर यांची डब्यांची युक्ती वापरा. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा: आलेलं कार्ड पुढच्या डब्यात, चुकलेलं परत पहिल्यात. पहिला डबा रोज उघडायचा, पुढचे हळूहळू जास्त दिवसांनी.

एकसारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. अडॉप्ट आणि अडॅप्ट, अफेक्ट आणि इफेक्ट एकत्र शिकले की कुठला कुठला हा गोंधळ पक्का होतो. एक नीट बसू द्या, दुसरा काही दिवसांनी घ्या.

मूळ शब्दांवरून अर्थ लावण्याबद्दलही थोडं. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं हे कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रिट्रोस्पेक्ट एका ओळीत उभे राहतात, आणि मुलांचे चेहरे उजळतात. मला स्वतःला हा भाग शिकवायला फार आवडतो. पण आहार, विहार, प्रहार, संहार हे एकाच धातूपासून आलेले शब्द आठवा. उपसर्ग आणि धातू यांची नुसती बेरीज करून 'संहार' कळला असता का? इंग्रजीतही 'इन' लागला की अर्थ नेहमी उलटा होतो असं समजू नका. इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारं नव्हे, सहज पेट घेणारं. अंदाज बांधा, पण तो शब्दकोशात पडताळून घ्या.

शेवटी, शब्द कोणते निवडायचे? मुलं दुर्मीळ, भारदस्त शब्दांच्या मागे धावतात आणि 'यूज'च्या जागी सगळीकडे 'युटिलाइझ' लिहितात. परीक्षेच्या उताऱ्यांत अडवणारे शब्द वेगळेच असतात: डिराइव्ह, अझ्यूम, सिग्निफिकंट, कॉन्सिक्वेंट. भाषा-अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयक लेखनातून ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांच्या गटांची, यादी तयार केली. रोजच्या वापरातले सर्वांत सामान्य दोन हजार शब्द त्यातून वगळलेले आहेत, तरीही अशा लेखनातला साधारण दहावा हिस्सा याच कुटुंबांनी व्यापलेला असतो. सुरुवात तिथून करा. डिराइव्ह शिकलात की त्याच पानावर डेरिव्हेशन आणि डिरिव्हेटिव्हही लिहा आणि तिन्ही मोठ्याने म्हणा, कारण कुटुंब एक असलं तरी उच्चार बदलतो.